सदनिकांतील उंदरांचा बंदोबस्त : प्रश्न फटीचा आणि सहकार्याचा

(सहकारी गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रात्री स्वयंपाकघरात दिवा लावावा आणि ओट्यावरून काहीतरी सर्रकन निघून जावे, हा अनुभव महाराष्ट्रातील फारच थोड्या कुटुंबांना नवा असेल. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा पिंजरा खाली येतो, त्यात भज्याचा किंवा भाकरीचा तुकडा अडकविला जातो, एक उंदीर सापडतो आणि घरात समाधान पसरते. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तोच आवाज येतो. मग पिंजऱ्याऐवजी विषाची वडी येते. काही काळ शांतता लाभते आणि पावसाळ्याच्या तोंडावर सारे चक्र पुन्हा सुरू होते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या या खटाटोपात एका साध्या प्रश्नाचा विचार मात्र राहून जातो. तो प्रश्न असा की, उंदीर घरात आला कोठून?

उंदीर मारणे आणि उंदीर घरात येऊ न देणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले काम एका कुटुंबाला एका रात्रीत करता येते, परंतु त्याचा परिणाम टिकत नाही. दुसऱ्या कामाचा परिणाम टिकतो, परंतु ते एकट्या कुटुंबाच्या हातून पूर्ण होत नाही. संपूर्ण इमारतीने, आणि पुष्कळदा संपूर्ण आळीने, मिळून करावयाचे ते काम आहे. उंदरांचा प्रश्न सुटत नाही तो औषधाच्या अभावी नव्हे, तर या दुसऱ्या कामाकडे होणाऱ्या दुर्लक्षामुळे.

इतिहासाचा धडा

हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही, हे महाराष्ट्राइतके अन्य कोणत्या प्रांताने क्वचितच अनुभवले असेल. 1896 सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजेच प्लेगचा, रुग्ण ओळखला. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा आणि दाट वस्तीच्या चाळींचा भाग. तेथून ही साथ मुंबईभर आणि पुढे पुणे व इतर जिल्ह्यांत पसरली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

त्या वेळी रोगाचे मूळ कोणाला नीट ठाऊक नव्हते. घरात उंदीर मरून पडू लागले की वस्ती सोडून माळावर झोपड्या घालून राहावे, एवढे अनुभवाचे ज्ञान खेड्यापाड्यांतील लोकांजवळ होते. उंदरांच्या अंगावरील पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1898 मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. पुढे मुंबईत परळ येथील प्रयोगशाळेत प्लेगच्या अभ्यासासाठी नेमलेल्या मंडळाने 1905 पासून जे प्रयोग केले, त्यांपैकी एक आजच्या विषयाच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. मंडळाने लहान कोठड्या बांधल्या. बाकी सारे सारखे ठेवून छपरांत तेवढा फरक केला. काही छपरांत उंदरांना मुक्त थारा होता, तर काहींत उंदरांचा शिरकाव होऊ नये अशी योजना होती. आत गिनीपिग हे प्राणी ठेवण्यात आले. ज्या छपरांत उंदीर नांदत होते, त्यांखालील प्राण्यांत प्लेग आला. जेथे उंदरांना वाव नव्हता, तेथील प्राणी बचावले. औषध तेच, हवा तीच, जमीन तीच. फरक होता तो केवळ बांधणीचा.

याच काळातील दुसरा धडा प्रशासनाचा आहे. पुण्यात 1897 साली लष्कराच्या साहाय्याने घरोघरी तपासण्या झाल्या, लोकांच्या भावनांची कदर न करता सामान बाहेर काढण्यात आले आणि लोकांचा विश्वास पार नाहीसा झाला. त्या संतापातून 22 जून 1897 रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे सर्वविदित आहे. लोकांच्या दारात शिरून केलेले आरोग्यकार्य लोकांना सोबत घेतल्यावाचून यशस्वी होत नाही, असा त्याचा अर्थ आहे. सोसायटीच्या सचिवाने किंवा ग्रामसेवकाने तो आजही विसरू नये.

हा धोका केवळ जुन्या काळचा आहे असेही समजण्याचे कारण नाही. 1994 मध्ये बीड जिल्ह्यात ग्रंथिक प्लेगसदृश रुग्ण आढळले आणि पाठोपाठ सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडविला. सुरतेत पोटापाण्यासाठी गेलेल्या खानदेशातील कित्येक कुटुंबांनी त्या दिवसांत जीव मुठीत धरून गाव गाठले. पुढे 1995 पासून तत्कालीन आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत त्याच सुरतेचा कायापालट झाला. तो घडविला नियमित कचरा उचलण्याने, गटारांच्या दुरुस्तीने आणि रोजच्या देखरेखीने.

आज मात्र प्लेगपेक्षा अधिक निकटचा धोका लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा आहे. उंदरांच्या मूत्रातून त्याचे जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि माणसाच्या पायावरील एखाद्या जखमेतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. जिन्याखाली राहणारा रखवालदार, गटारात उतरणारा सफाई कामगार, पाण्यातून शाळेला जाणारे मूल यांना हा धोका सर्वाधिक असतो. चौथ्या मजल्यावरून कचऱ्याची पिशवी खाली टाकणाऱ्याला तिची झळ लागत नाही. ती तळमजल्यावर लागते.

शत्रूची ओळख

उंदीर म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते सारे एका जातीचे नसतात. पंधरा-वीस ग्रॅम वजनाचा, मोठ्या कानांचा, करड्या रंगाचा लहान उंदीर घरातच, अन्नाजवळ घरटे करून राहतो. सडपातळ बांध्याचा व लांब शेपटीचा मोठा घरउंदीर चढण्यात पटाईत असतो. नळांवरून आणि तारांवरून तो वरच्या मजल्यांपर्यंत सहज पोहोचतो. थोराड बांध्याचा तपकिरी उंदीर गटारात राहतो आणि उत्तम पोहतो. घूस जमीन पोखरते. तिच्या बिळांमुळे फरसबंदी आणि भिंतींच्या पायालगतची माती खचते. चिचुंद्री तर मुळात उंदीरच नव्हे. लांब नाकाचा आणि उग्र वासाचा हा प्राणी मुख्यतः किडे व झुरळे खातो. म्हणून बंदोबस्त करण्यापूर्वी कोणता प्राणी येतो हे पाहणे आवश्यक आहे. रात्री भिंतीकडेने खडूची भुकटी पातळ पसरून ठेवली असता सकाळी पावलांच्या खुणांवरून लहान-मोठा प्राणी आणि त्याची वाट दोन्ही कळतात. यासाठी पीठ वापरू नये, कारण ते उंदरांचे अन्नच आहे.

लहान उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी साधारणपणे पाच-सहा पिले होतात आणि ती पिलेही दीड-दोन महिन्यांत प्रजननक्षम होतात. यावरून पिंजऱ्यात सापडलेल्या एका उंदराचे महत्त्व किती, हे ध्यानात येईल. अन्न आणि आसरा जोवर तितकाच आहे, तोवर मारलेल्यांची जागा नवे उंदीर भरून काढतात. तीच जागा, तेच अन्न. रहिवासी तेवढे बदलतात.

उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढत असतात. त्यांची झीज व्हावी म्हणून तो सतत काही ना काही कुरतडतो. लाकूड, रबर, प्लॅस्टिक, विजेच्या तारांवरील आवरण, यांपैकी काहीच त्याला वर्ज्य नाही. विजेच्या तारा उघड्या पडून आग लागण्याचा धोका त्यातूनच उद्भवतो. जिन्याखालील मीटरच्या खोलीची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी, ती याच कारणासाठी. देवघरातील तेला-तुपात भिजलेली वात उंदीर पळवितो, हे पुष्कळ गृहिणींनी पाहिले असेल. ती वात पेटती असल्यास काय घडू शकेल, याची कल्पना करणे कठीण नाही. निजण्यापूर्वी वाती व नैवेद्य झाकून ठेवण्याची दक्षता म्हणूनच इष्ट होय.

फटीचा शोध

लहान उंदराला आत येण्यास सुमारे 6 मिलिमीटरची फट पुरते. मोजपट्टीची आवश्यकता नाही. ज्या फटीत शिसपेन्सिल शिरते, त्या फटीतून लहान उंदीर शिरू शकतो, एवढी खूणगाठ बांधावी. मोठ्या घरउंदराच्या पिलाला अंगठ्याएवढे भोक पुरेसे होते. यावरून उघड्या खिडकीपेक्षा लहान फट अधिक धोक्याची का, हे स्पष्ट व्हावे. उघडी खिडकी दिसते आणि बंद केली जाते. फट दिसत नाही.

सदनिकेत अशा फटी कोठे असतात? स्वयंपाकघरातील भांडी घासण्याच्या जागेखाली, जेथे सांडपाण्याची नळी भिंतीत शिरते तेथे. मोरीच्या आणि नहाणीघराच्या तुटलेल्या जाळीत. वातानुकूलन यंत्राची नळी, गॅसची नळी, दूरचित्रवाणीची किंवा इंटरनेटची तार ज्या भोकातून आत येते तेथे. कारण कारागीर भोक मोठे पाडतो आणि उरलेली पोकळी तशीच सोडून जातो. मुख्य दाराच्या उंबऱ्याशी. ओट्याखालील लाकडी कपाटांच्या मागे. छताखालच्या शोभेच्या पोकळीत. इमारतीच्या सर्व मजल्यांमधून जाणारी नळांची उभी पोकळी, जिला सर्वत्र डक्ट म्हणतात, ही तर उंदरांचा जिनाच होय.

फट बुजविण्यासाठी वापरावयाचे साहित्यही विचारपूर्वक निवडले पाहिजे. चिंधी, कागदाचा बोळा, लाकडाची पाचर किंवा फुगणारा फेस यांनी बुजविलेले भोक उंदीर काही रात्रींत पुन्हा मोकळे करतो. लहान भोकात भांडी घासण्याच्या तारेच्या घासणीचा घट्ट बोळा ठासून त्यावर सिमेंटचा गिलावा करावा. मोठ्या भोकावर 6 मिलिमीटरपेक्षा लहान घरांची जाड तारेची जाळी पक्की बसवून ती सिमेंटात गाडावी. दाराखाली धातूची पट्टी लावावी. मोरीच्या तोंडाशी लोखंडी किंवा पोलादी जाळी खिळवून घ्यावी. बाहेरून वर जाणाऱ्या नळांवर पत्र्याच्या रुंद चकत्या बसविल्या असता घरउंदराचे चढणे थांबते. बंदरात लागलेल्या जहाजांच्या दोरांवर अशाच चकत्या लावण्याची प्रथा आहे, आणि तिचा हेतूही हाच आहे.

ग्रामीण भागातून आलेल्या सदस्यांना या गोष्टीत नवीन काही वाटणार नाही. कणगी जमिनीपासून उंच दगडांवर ठेवणे, तिला शेणमातीने लिंपणे, पुढे पत्र्याची कोठी वापरणे, यामागचे तत्त्व हेच होते. धान्याचे रक्षण कणगीच्या बांधणीवर अवलंबून असते, हे शेतकरी जाणून होता. खेड्यातून शहराकडे आलेले कुटुंब मात्र सदनिकेत पाऊल ठेवताच ते शहाणपण विसरते आणि तांदळाची प्लॅस्टिकची पिशवी ओट्याखाली उघडी ठेवते.

अन्नाची बंदी

फटी बुजविल्या तरी अन्न उघडे राहिले तर उंदीर नवी वाट शोधतो. धान्य, डाळी, शेंगदाणे आणि सुके खोबरे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या किंवा पोलादी डब्यांत असावेत. रात्री ओटा कोरडा व स्वच्छ असावा, खरकटी भांडी तशीच ठेवू नयेत. पाळीव कुत्र्या-मांजराचे उरलेले अन्न उचलून ठेवावे. ओला कचरा झाकणाच्या बादलीत ठेवून रोज बाहेर जावा. लहान उंदराचे दिवसाचे खाणे तीनएक ग्रॅमचे. अन्नातील ओलाव्यावरही त्याचे बहुतांशी भागते. कोपऱ्यात सांडलेले मूठभर तांदूळ त्याला कित्येक दिवस पुरतात.

आसऱ्याचा विचारही याच जोडीने करावा. माळ्यावर वर्षानुवर्षे न हाललेल्या गोधड्या, जुनी वर्तमानपत्रे, पुठ्ठ्याची खोकी यांत उंदराचे घरटे तयार होते. दिवाळीपूर्वी माळा झाडण्याची जी परंपरा आपल्याकडे आहे, ती आरोग्यदृष्ट्या मोलाची आहे. तीच झाडलोट मे महिन्याच्या अखेरीस आणखी एकदा झाल्यास पाऊस सुरू होऊन बिळांत पाणी भरते तेव्हा घराचा आसरा शोधणाऱ्या उंदरांना जागा मिळणार नाही.

लेंड्या आढळल्यास कोरड्या केरसुणीने झाडू नयेत, कारण त्यांची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. हातमोजे घालून त्यावर एक भाग ब्लीच व दहा भाग पाणी यांचे मिश्रण शिंपडावे, पाच मिनिटे थांबावे आणि मग फडक्याने पुसून घ्यावे.

पिंजरा, चाप आणि विष

आत शिरलेल्या उंदरांसाठी पिंजरा व चाप ही साधने आजही उपयुक्त आहेत. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे येईल असा ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. लहान उंदीर आपल्या घरट्यापासून फार दूर जात नाही. म्हणून दोन-तीन मीटर अंतरावर अनेक चाप एकाच वेळी लावणे एका चापापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. मोठा घरउंदीर नव्या वस्तूला बुजतो. त्याच्यासाठी काही दिवस चाप न ताणता नुसते आमिष ठेवावे आणि तो निर्धास्त झाला की चाप ताणावा. चिकट फळ्यांवर प्राणी तासन्‌तास तडफडतो. ज्या समाजाने उंदराला गणरायाचे वाहन म्हणून मान दिला, त्या समाजाने निदान बंदोबस्त तरी क्रौर्यावाचून करावा.

विषाच्या बाबतीत अधिक गंभीरपणे बोलणे आवश्यक आहे. बहुतेक घरांत सर्वप्रथम विषच आणले जाते. वस्तुतः ते सर्वांत शेवटचे आणि जाणकाराच्या हातचे साधन असावे. विषाची वडी किंवा लगदा पावाच्या तुकड्याला लावून जमिनीवर ठेवला जातो आणि रांगणारे मूल जमिनीवरच असते. उंदीर मारण्याच्या काही विषांचे परिणाम पहिले दोन-तीन दिवस दिसतच नाहीत. मूल खेळत राहते आणि घरचे निश्चिंत होतात. रक्त न गोठू देणाऱ्या विषांवर जीवनसत्त्व के हा उतारा आहे. पिवळ्या फॉस्फरसच्या लगद्यावर मात्र उतारा नाही. म्हणून मुलाने असे काही तोंडात घातल्याची नुसती शंका आली तरी, ते बरे दिसत असले तरी, विषाचे वेष्टन सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. घरगुती उपाय करण्यात वेळ दवडू नये. दुसरा दोष असा की, विष खाल्लेला उंदीर पोकळीत किंवा छताआड जाऊन मरतो आणि दुर्गंधी शेजाऱ्याच्या घरात पसरते. असे उंदीर खाल्लेली मांजरे आणि घुबडेही दगावतात. घुबडाला आपण अपशकुनी मानतो. परंतु उंदीर खाणारा त्याच्यासारखा पक्षी नाही. डांबराच्या गोळ्या किंवा आवाज करणारी विजेची यंत्रे यांवर विसंबून राहणे व्यर्थ होय.

येथे एक अपवाद नोंदविला पाहिजे. एखाद्या वस्तीत कारण न कळता अनेक उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना हात लावू नये आणि उरलेल्या उंदरांना मारण्याची घाईही करू नये. उंदीर मेला की त्याच्या अंगावरील पिसवा दुसरा आश्रय शोधतात. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला ताबडतोब कळवावे. पिसवांचा नाश आधी आणि उंदरांचा नंतर, हा क्रम प्लेगच्या अनुभवातून सिद्ध झालेला आहे.

घंटा कोणी बांधावयाची?

आता मूळ मुद्द्याकडे वळणे योग्य होईल. चार मजल्यांची आणि सोळा सदनिकांची एक इमारत डोळ्यांसमोर आणावी. तळमजल्यावर किराण्याचे एक दुकान आहे, मागे कचऱ्याची कुंडी आहे आणि जिन्याखालच्या खोलीत रखवालदाराचे कुटुंब राहते. तिसऱ्या मजल्यावरील कुटुंब स्वतःच्या घरातील सर्व फटी बुजविते. उंदीर त्याच डक्टमधून दुसऱ्या मजल्यावर जातात. दुसऱ्या मजल्यावर विष ठेवले जाते. वास पहिल्या मजल्यावर येतो. पहिल्या मजल्यावरील गृहस्थ सचिवांकडे तक्रार करतात. सचिव दुकानदाराकडे बोट दाखवितात, दुकानदार कुंडीकडे आणि कुंडी साऱ्यांचीच असल्यामुळे ती कोणाचीच नसते. सोळा कुटुंबे प्रतिवर्षी वेगवेगळा खर्च करतात आणि डक्टच्या तळाशी असलेले उघडे भोक मात्र जसेच्या तसे राहते. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच.

उंदरांच्या सभेत मांजराच्या गळ्यात घंटा बांधण्याचा ठराव एकमताने संमत झाला, पण ती बांधावयाची कोणी हे ठरले नाही, ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभांत माणसांची अवस्था नेमकी त्या उंदरांसारखी होते. ठराव होतो, काम होत नाही. वस्तुतः सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरचे सांडपाण्याचे नळ, सामाईक जागा व जिने यांची देखभाल ही संस्थेची जबाबदारी असते आणि सदनिकेच्या आतील दुरुस्ती सभासदाची. ही विभागणी स्पष्ट आहे. डक्टच्या तळाची जाळी, गटाराच्या झाकणांची दुरुस्ती, मीटरच्या खोलीची बंदिस्ती, कुंडीचे झाकण आणि नळांवरील चकत्या हा संस्थेचा खर्च होय. मोरीची जाळी, दाराची पट्टी आणि ओट्याखालील भोके हा सभासदाचा. सोळा कुटुंबांच्या विषावरील वार्षिक खर्चाची बेरीज एकदा मांडून पाहावी. सामाईक जाळ्यांचा एकवेळचा खर्च तिच्या मानाने अवाजवी वाटणार नाही.

यासाठी मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीपूर्वी, संस्थेच्या दोन सभासदांनी विजेरी, शिसपेन्सिल आणि वही घेऊन इमारतीची तळापासून गच्चीपर्यंत फेरी काढावी. जेथे पेन्सिल शिरेल तेथे खूण करावी, वहीत नोंद करावी आणि प्रत्येक नोंदीपुढे काम करणाऱ्याचे नाव व तारीख लिहावी. सदनिकांत प्रवेश करावयाचा झाल्यास आदल्या दिवशी सूचना द्यावी आणि गृहिणीच्या सोयीची वेळ ठरवावी. तपासणीच्या नावाखाली कोणाच्या घराची अप्रतिष्ठा होऊ देऊ नये. 1897 चे पुणे येथे आठवावे. उंदीर येणे ही कोणत्याही कुटुंबाची लाज नव्हे. तो इमारतीचा दोष आहे, हे एकदा सर्वांच्या मनात ठसले की लोक आपणहून माहिती देतात.

मुंबई महानगरपालिकेचे कामगार काठी आणि विजेरी घेऊन रात्री उंदीर मारीत फिरतात. त्यांचे काम अत्यंत कष्टाचे आहे. परंतु आपण दिवसा कचरा टाकावयाचा आणि त्यांनी रात्री उंदीर मारावयाचे, असा क्रम किती काळ चालावा? त्यांच्या श्रमांचे चीज व्हावयाचे असेल तर अन्नाची वाट बंद करणे हे नागरिकांचे काम आहे.

पंचायत आणि शाळा

शहरांच्या सीमेवरील कित्येक ग्रामपंचायतींच्या हद्दीत आता बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. शेताच्या बांधावरील उंदीर आणि घुशी थेट त्या इमारतींच्या तळाशी येऊन राहतात. कारण बांधकामाने त्यांची बिळे मोडलेली असतात आणि इमारतीत अन्न विपुल असते. इमारत पूर्ण होतानाच डक्टचा तळ व गटारांची तोंडे जाळीने बंद झाली आहेत किंवा नाहीत, हे पंचायत सदस्यांनी आणि रहिवाशांनी ताब्याच्या वेळी पाहून घ्यावे. त्या वेळी थोड्या सिमेंटात होणारे काम पुढे भिंती फोडून करावे लागते. गावातील ओल्या कचऱ्याचा उकिरडा वस्तीला लागून नसावा, खत झाकलेल्या खड्ड्यात व्हावे आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागल्यास पायांत बूट असावेत, जखमा झाकलेल्या असाव्यात. असे चालणे झाल्यानंतर एक-दोन आठवड्यांत ताप आल्यास डॉक्टरांना पाण्याचा संदर्भ अवश्य सांगावा, म्हणजे निदानास विलंब लागणार नाही.

शिक्षकांचे साहाय्य या कामी सर्वांत अधिक मोलाचे आहे. पेन्सिल ही विद्यार्थ्यांच्या हातात रोजच असते. विज्ञानाच्या तासाला मुलांनी प्रथम शाळेच्या इमारतीचे, विशेषतः पोषण आहाराच्या धान्याच्या खोलीचे, निरीक्षण करावे. किती फटी सापडल्या, त्या कोठे होत्या, कशाने बुजविल्या आणि महिन्याने पुन्हा पाहता काय आढळले, याचा तक्ता वर्गात लावावा. त्यानंतर तीच मुले घरी जाऊन आपल्या दाराखालची फट पाहतील. पालकांना जे परिपत्रकाने पटत नाही, ते मुलांच्या एका प्रश्नाने पटते, असा शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

बंधुभगिनींनो, परळच्या त्या लहान कोठड्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे सिद्ध केले, ते अमलात आणण्यासाठी आज नव्या शोधाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. जाळी, सिमेंट, झाकणाचा डबा आणि सोळा कुटुंबांची एक सभा एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे. पावसाळ्यापूर्वीचा एखादा रविवार त्यासाठी राखून ठेवावा. फेरीची सुरुवात जिन्याखालच्या रखवालदाराच्या खोलीपासून व्हावी. पाणी प्रथम तेथे शिरते आणि उंदीरही प्रथम तेथेच येतात. त्या खोलीतील मुलाच्या अंथरुणाशेजारची फट ज्या दिवशी बुजेल, त्या दिवशी वरच्या चारही मजल्यांच्या बंदोबस्ताला खऱ्या अर्थाने आरंभ झाला असे म्हणता येईल.